गारगोट्यांची ओळ

नेस्टाने नकाशावरची घरं मोजली, तर ती सात भरली. पेन्सिलीचं टोक तिने पुन्हा पहिल्या वर्तुळावर ठेवलं आणि पुन्हा मोजली. सातच. कार्डिफमधल्या त्या कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर नोव्हेंबरचा मळका उजेड टेबलावर पडला होता, खालून बस गेली की खिडकीची काच जराशी थरथरत होती, आणि हे सगळं रोजचंच होतं. तीस वर्षं ती इथे प्राचीन अवशेषांच्या नोंदवहीसाठी नकाशे काढत आली होती. दुसरी माणसं फिती आणि खुंट्या घेऊन डोंगर तुडवायची, चिखलाने माखलेली टिपणं आणायची, आणि नेस्टा त्यांतून स्वच्छ काळ्या रेघा काढायची. दगडांची किती कडी तिच्या हाताखालून गेली असतील, देव जाणे. तीन हजार वर्षांपूर्वी ज्या गोल घरांतून धूर निघत होता, त्यांची छपरं कधीच कुजून मातीला मिळाली. उरली ती गवतातून दात दाखवणारी भिंतींची वर्तुळं. ती काढताना तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण हा डोंगर मोएल होता. वेल्शमध्ये मोएल म्हणजे टकला. त्या टकल्याच्या पायथ्याशी, हेन्द्रेवेन नावाच्या शेतघरात ती जन्मली होती, आणि मोएलवरची घरं सहा होती. आपल्या हाताला बोटं पाच आहेत हे जसं कुणी मोजून ठरवत नाही, तशी ती सहा होती. गावात त्यांना आयरिशांची खोपटी म्हणत. गावातल्या कुणी जन्मात आयरिश माणूस पाहिलेला नव्हता, तरी तिन्हीसांजेला डोंगरावर रेंगाळणाऱ्या पोरांना आया ओरडायच्या की आयरिश येतील आणि पोत्यात घालून नेतील. आयरिश कधी आले नाहीत. जे यायचं होतं ते दुसऱ्याच वाटेने आलं.

सातवं वर्तुळ बाकीच्यांपासून फटकून होतं. सहा घरं उतारावर एकमेकांना धरून बसलेली, आणि हे ओहोळापलीकडे, पश्चिमेला, एका दुभंगलेल्या मोठ्या धोंड्याच्या आडोशाला. धोंडा नकाशात नव्हता. तो तिला नकाशाशिवायच दिसला. सोबतचा अहवाल स्टेफनचा होता. मोजणी त्यानेच केली होती. त्याने लिहिलं होतं की साऱ्या वस्तीत हे घर सर्वांत शाबूत आहे. भिंत मांडीइतकी उंच, आतून-बाहेरून दुहेरी दगडांची, मधल्या पोकळीत खडी ठासलेली. दाराचे दोन उभे दगड जागच्या जागी, आणि दार इतर घरांसारखंच आग्नेयेला, हिवाळ्यातल्या सूर्याकडे. वायव्येला मात्र वर्तुळ बिघडून तिथे कोपऱ्यासारखा फुगवटा आला आहे, त्याचं कारण कळत नाही. आणि शेवटी एक वाक्य, जे अहवालात शोभत नव्हतं, म्हणजे ते त्याला मनापासून वाटलं असणार: बांधणाऱ्याचा जीव या कामात होता. नेस्टाने ते वाक्य वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. कारण ते घर तिने बांधलं होतं. तिने आणि तिच्या भावाने, ग्विऑनने, शेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात. ती आठ वर्षांची होती आणि तो दहा.

नोंदीच्या कागदावर नेस्टाची सही लागत असे, आणि कागद मंगळवारी छपाईला जायचे होते. नियम साधा होता: सगळ्यांत बाहेरच्या घरापासून वीस पावलं सोडून संरक्षणाची रेघ मारायची, रेघेच्या आत कुणी कुदळ लावायची नाही. रेघेबाहेर येत्या वसंतात पाइनची लागवड होणार होती, ओहोळापलीकडची सगळी पडीक जमीन त्यात गेली होती. सातवं घर प्राचीन असेल तर रेघ ओहोळ ओलांडणार आणि ते घर जन्मभर, कितीतरी जन्मभर, उभं राहणार. तो पोरांचा खेळ असेल तर रेघ ओहोळाअलीकडे थांबणार, पलीकडे नांगर फिरणार आणि पुढे मुळं दगड उलथतील. हे सगळं एका तोंडावर होतं, आणि ते तोंड तिचं होतं.

तिने सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. त्याच दिवशी दुपारी चहाच्या खोलीत स्टेफन भेटला. चाळिशीचा, लांबलचक, कार्डिफच्या इंग्रजी गल्लीत वाढलेला आणि पंचविशीत हट्टाने वेल्श शिकलेला माणूस. आपली वेल्श तो नव्या बुटांसारखी वापरायचा, जपून आणि जरा मिरवत. ती त्याला म्हणाली, "मोएलवरचं ते सातवं, स्टेफन. ते टी बाख आहे." तो असा हसला की चहा बशीत सांडला. "टी बाख! बरोबर आहे की, वस्तीपासून लांब, ओहोळापलीकडे! नेस्टाबाई, तीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही विनोद केलात, आणि तोही असला." टी बाख म्हणजे छोटं घर. उत्तरेच्या डोंगरात पोरं दगड मांडून, फुटक्या बशा गोळा करून जी भातुकली खेळतात, ती टी बाख. दक्षिणेत, शहरात आणि शिकायच्या पुस्तकांत टी बाख म्हणजे संडास. नेस्टाला हे ठाऊक नव्हतं का? तीस वर्षं ती याच इमारतीत टी बाख कुठे आहे हे परक्या पाहुण्यांना दाखवत आली होती. पण या एका गोष्टीसाठी तो शब्द आतून, त्या दुसऱ्याच बाजूने वर आला होता, आणि येताना त्याने तिला विचारलं नव्हतं. ती दुरुस्त करू शकली असती. एक वाक्य पुरे होतं. ती हसली. स्टेफनबरोबर तीही हसली, आणि ते हसणं पुढे दोन दिवस तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं आडवं राहिलं. खोटी साक्ष द्यायला बोलावंच लागतं असं थोडंच आहे.

घरी, आपल्या खोलीत शेगडीजवळ बसून ती ते दगड पुन्हा मांडायची. ओहोळातून गारगोट्या आणायचं काम तिचं होतं. पांढऱ्या, मुठीएवढ्या, फ्रॉकच्या ओच्यात एका खेपेला सात-आठ मावायच्या, आणि पाण्याने भिजलेला ओचा मांड्यांना गार लागायचा. ग्विऑन मांडायचा. तिला घर चौकोनी हवं होतं, हेन्द्रेवेनसारखं, धुराड्याचं. तो म्हणाला, चौकोनी घराला कोपरे असतात आणि कोपऱ्यात अंधार बसतो. त्या जुन्या माणसांना हे कळत होतं म्हणून त्यांनी कोपरा ठेवलाच नाही. ती रुसली. आपल्या गारगोट्या घेऊन धोंड्यामागे जाऊन बसली. मग ग्विऑनने बराच वेळ शीळ घातली आणि शेवटी हाक मारून सांगितलं की बरं, एक कोपरा घे, तुझी चूल तिथे मांड, पण एकच. आणि त्या वर्तुळाला वायव्येला एक कोपरा आला. ती चुलीपाशी बसायची आणि तो धोंड्यावर चढून मेंढ्यांना प्रवचन द्यायचा. गावातल्या चॅपलचे, म्हणजे प्रार्थनाघराचे, पाळक म्युरिग यांची नक्कल तो इतकी हुबेहूब करायचा की एकदा खालून जाणाऱ्या टपालवाल्याने टोपी काढली होती. म्युरिग बोलायला उभे राहिले की पहिला अर्धा तास साध्या गद्यात जायचा, बाजारात बोलावं तसा. मग कुठेतरी, आधी कुणाला सांगता येणार नाही अशा ठिकाणी, आवाज जमिनीवरून उचलला जायचा, शब्दांना सूर फुटायचा, आणि म्हातारे डोळे मिटून घ्यायचे. त्याला हुइल म्हणतात. हुइल म्हणजे शीड. शीड माणसाने उभारायचं. वारा कुणाचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. व्यासपीठाखालच्या मोठ्या बाकावर पंचमंडळी बसायची आणि त्यांत तिचा बाप इथेल. म्युरिगांचा सूर वर गेला की इथेल खालून आपल्या खर्जात तो धरून ठेवायचा, कीर्तनात झीलकरी धरतो तसा, न ओरडता, न पुढे जाता. लहानपणी नेस्टाला वाटायचं की बाबांचा आवाज थांबला तर पाळक थेट छतातून वर निघून जातील.

आणि इथेच तिचं मन अडायचं. गारगोट्यांची ती ओळ एकेरी होती. एकावर दुसरा दगड नव्हता. मुठीएवढ्या दगडांची मांडीइतकी उंच दुहेरी भिंत कुठून आली? घड्याळाची टिकटिक ऐकत ती उलट बाजूने विचार करू लागायची: तिथे भिंत आधीपासूनच असेल तर? सातवं घर खरंच त्या जुन्या माणसांचं असेल, पोरं नुसती त्यात खेळली असतील, आणि चव्वेचाळीस वर्षांत आठवणीने बाकीचं बांधलं असेल? तसं असेल तर सगळंच सुटत होतं. सही करायची, रेघ ओहोळापलीकडे मारायची, कुणाशी काही बोलायचं नाही. स्टेफन बरोबर, नियम बरोबर. फक्त मग ग्विऑनने काहीच बांधलं नव्हतं. मेलेल्या माणसाजवळ फार काही नसतं. ग्विऑनचा एक फोटो होता, त्यात तो हलल्यामुळे पुसट झालेला. चॅपलच्या वहीत एक नाव होतं. आणि हे घर होतं. नेस्टा इतकी वर्षं हे घर उराशी धरून होती, आणि आता एका सरकारी कागदाने तिला विचारलं होतं की बाई, तुम्ही तिथे होता हे नक्की ना.

सत्तेचाळीसचा हिवाळा तिला आठवावा लागत नव्हता. तो न बोलावता यायचा. जानेवारीच्या शेवटी बर्फ सुरू झालं ते सहा आठवडे. कुंपणं बुडाली, मग कुंपणांवरची झाडं. ग्विऑनचं डोकं दुखायला लागलं तेव्हा आईने त्याला गरम ताक दिलं. दुसऱ्या दिवशी त्याची मान वळेना. बाबा फावडं घेऊन डॉक्टरला आणायला निघाले. चॅपलपर्यंतचं अर्ध्या तासाचं अंतर तोडायला त्यांना दिवस लागला, आणि पलीकडून निघालेला डॉक्टर खिंडीतून परत फिरला होता. चौथ्या दिवशी पहाटे ग्विऑन गेला. जमीन इतकी गोठली होती की पहार लावली तर ठिणगी उडायची. नऊ दिवस ती छोटी पेटी चॅपलमध्ये, मोठ्या बाकासमोर ठेवली होती, आणि दोन रविवार लोक तिच्यासमोर उभे राहून गायले. पाळक म्युरिग त्या दुसऱ्या रविवारी बोलायला उभे राहिले. अर्धा तास गद्य झालं. मग सूर उचलला गेला, वर गेला, आणि खालून तो धरायला कुणी नव्हतं. इथेल बाकावर बसला होता, हात गुडघ्यांवर, तोंड मिटलेलं. म्युरिगांचा आवाज एकटा वर तरंगला, थरथरला आणि पुन्हा शब्दांत उतरला. त्यानंतर बत्तीस वर्षं इथेल दर रविवारी त्याच बाकावर बसला आणि एकदाही गायला नाही. लोक म्हणाले, इथेलचं देवाशी भांडण झालं. नेस्टाही तेच समजून शहरात आली होती. खरं म्हणजे त्या भांडणापासूनच ती लांब आली होती. त्या हिवाळ्यानंतर मोएलवर ती पुन्हा कधी चढली नव्हती. घरात कुणी ग्विऑनचं नाव काढत नसे, जेवताना त्याची खुर्ची भिंतीला लावलेली असायची, आणि बापाचं ते मिटलेलं तोंड समोर असताना घास उतरायचा नाही.

शनिवारी ती गाडीने उत्तरेला गेली, मग बसने. आई, ओल्वेन, एक्क्याऐंशी वर्षांची, इथेल गेल्यापासून खाली गावात, चॅपलच्या समोरच्या ओळीतल्या एका घरात राहत होती. दार उघडल्याबरोबर तिने मुलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कार्डिफमध्ये खायला मिळत नाही वाटतं, म्हणून सुरुवात केली. मनुक्यांच्या पावाला दोन बोटं लोणी लावलं, चहा ओतला, शेजारच्या घरात आलेल्या इंग्रज जोडप्याने फाटकाला जांभळा रंग दिल्याची बातमी सांगितली, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं की नोव्हेंबरात, ना सण ना मर्तिक, अशी कशी उगवलीस. नेस्टा म्हणाली, मोएलवर जाऊन येते. आई म्हणाली, तिथे काय आहे, मेंढ्या आणि वारा. वारा इथेही येतो, मेंढ्यांचं मी नाव घेत नाही. नेस्टाने मग सांगून टाकलं की कचेरीतून घरं मोजून आली आहेत आणि ती सात निघाली आहेत. आईचा चमचा कपात फिरत होता तो थांबला. आई उठली, खुंटीवरून आपली लोकरी टोपी काढली आणि तिच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढून बसवली, ती पाच वर्षांची असल्यासारखी. "जा मग," ती म्हणाली. "उजेड आहे तोवर ये. मी कधी वर गेले नाही."

हेन्द्रेवेनचे आताचे मालक ओळखीचे नव्हते. कुत्रा भुंकला, फाटक तेच होतं. चढताना तिच्या लक्षात आलं की पाय वाट विसरलेले नाहीत, छातीच विसरली आहे. सहा घरं जागेवर होती. ती त्यांच्यामधून गेली, हात न लावता, ओळखीच्या पण बोलाचाली नसलेल्या माणसांमधून जावं तशी. ओहोळ ओलांडला. धोंड्याला वळसा घातला आणि थांबली. स्टेफनने काही वाढवून लिहिलं नव्हतं. भिंत होती. मोठाले, करडे, कानाकोपरा बघून बसवलेले दगड. त्यांतले खालचे तर दोन माणसांनीही सहज हलवू नयेत असे. कुठल्याही दहा वर्षांच्या पोराचं हे काम नव्हतं. दगडांवर पिवळट शेवाळाची वर्तुळं आली होती. नेस्टाच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की चला, मग मी खोटी. आणि त्यापाठोपाठ एक विचित्र सुटका, आणि त्या सुटकेखाली असा खड्डा की तिने दाराचा उभा दगड धरला. आत वाकून ती वायव्येच्या बाजूला गेली. भिंत तिथे खरंच वळणाऐवजी मोडली होती, कोपऱ्यासारखी. ती गुडघ्यांवर बसली. हातमोजा काढून तिने भिंतीच्या पायथ्याचं गवत उपटलं, खालची काळी ओली माती बोटांनी खरवडली. पांढरं काहीतरी लागलं. मग त्याच्या शेजारी दुसरं, मग तिसरं. ती गुडघ्यांवर सरकत राहिली, साऱ्या वर्तुळाभर, नखांत माती भरेपर्यंत. गारगोट्यांची ओळ जशीच्या तशी होती. एकही दगड हलवलेला नव्हता, एकही उचलून भिंतीत घातलेला नव्हता. त्या ओळीच्या बाहेरून, तिला अंगठ्याएवढी जागा सोडून, कुणीतरी ही भिंत उभी केली होती. जिथे ओळ नीट गेली होती तिथे भिंत नीट गेली होती. आणि जिथे एका आठ वर्षांच्या पोरीने रुसून कोपरा मागून घेतला होता, तिथे तो माणूस आपले मणामणाचे दगड घेऊन तो कोपराही वळला होता. तो कोपरा का आहे हे त्याला ठाऊक नसणार. त्याने तो चुकीचा म्हणून सरळ केला नव्हता. एवढी सगळी भिंत बांधताना त्याने पोरांची एक चूक सुधारली नव्हती. नेस्टा कितीतरी वेळ त्या कोपऱ्याला पाठ लावून बसली. रडू आलं नाही. आपल्या हातांच्या तळव्यांना ओल्या दगडाचा खरखरीतपणा लागतोय, आणि असाच तो दुसऱ्या दोन तळव्यांना लागला असणार, एवढंच तिला पुन्हा पुन्हा कळत होतं.

खाली आली तेव्हा आईने चूल मोठी करून ठेवली होती. तिने मुलीच्या नखांकडे पाहिलं आणि गरम पाण्याचं भांडं पुढे सरकवलं.

"त्याचीही अशीच असायची," ती म्हणाली. "मेंढ्या मोजायला जातो म्हणायचा. मी म्हणायचे, इथेल, साठ मेंढ्या मोजायला तीन तास? आकडे विसरलास की मेंढ्या? काही बोलायचा नाही. बाहीला शेवाळ, बोटं फुटलेली. अकरा वर्षं, पोरी. रविवार सोडून."

नेस्टाने विचारलं की तू कधी त्याला विचारलं नाहीस का.

"काय विचारायचं? माणूस प्रार्थनेला बसला की दार ढकलून कुणी आत जातं का? मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. संसार असाच असतो. तू केला नाहीस म्हणून सांगते."

लोक म्हणायचे की त्याचं देवाशी भांडण होतं, नेस्टा म्हणाली. आईने नाक मुरडलं. लोकांना गाणं तेवढं ऐकू येतं, ती म्हणाली. त्याचा सूर घशातून गेला तो हातांत उतरला, एवढंच झालं, आणि हे म्युरिगांना कळलं होतं, कारण ते शेवटपर्यंत प्रवचनात त्या एका ठिकाणी थांबायचे, इथेलची जागा सोडून. मग नेस्टाने रेघेची गोष्ट सांगितली, पाइनची सांगितली, मंगळवारची सांगितली. आणि सगळ्यात शेवटी, पाण्यात हात तसेच ठेवून, म्हणाली की मी गप्प राहिले तर ते घर राहील.

"किती दिवस राहील?"

"कायमचं. कायद्याने."

बाहेर कुणीतरी चॅपलचं दार उघडून रविवारसाठी शेगडी पेटवायला आत गेलं, त्याचा आवाज आला. "आणि कागदावर काय लिहाल?" आईने विचारलं. "घर कुणाचं म्हणून?"

"तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचं."

"म्हणजे माझ्या पोराचं नाही."

नेस्टा पाण्यात नखं चोळू लागली.

"दगड राहतील आणि ग्विऑन जाईल," ओल्वेन म्हणाली. एवढ्या वर्षांत त्या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं, आणि ते साध्या आवाजात, मीठ मागावं तसं उच्चारलं गेलं. "इथेलने ते देवाला दाखवायला बांधलं, सरकारला नाही. ज्याने बघायचं त्याने बघितलंय. तू खरं लिही. आणि हात पूस, पाणी गार झालं."

सोमवारी सकाळी ती स्टेफनच्या टेबलापाशी उभी राहिली आणि त्याला म्हणाली की परवा तू हसलास तो शब्द मी पुन्हा सांगणार आहे, या वेळी हसू नकोस. आणि उत्तरेत त्याचा अर्थ काय होतो ते तिने सांगितलं. गारगोट्या सांगितल्या, कोपरा सांगितला, नऊ दिवस आणि अकरा वर्षं सांगितली. बोलताना आपला आवाज कुठे जातो याकडे तिचं लक्ष होतं. तो वर गेला नाही, खालीही नाही. शेवटपर्यंत गद्यात राहिला, आणि तिला ते पुरेसं वाटलं. स्टेफनने चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. मग त्याने उठून खोलीचं दार लोटलं.

"नेस्टाबाई, कागद इथेच आहे. तुम्ही मला काही सांगितलं नाही, मी काही ऐकलं नाही. घर राहू दे. कुणालाही कळणार नाही."

"मला तेच नको आहे," नेस्टा म्हणाली.

नोंदीच्या कागदाला एकवीस रकाने होते. विसावा रकाना, बांधणाऱ्याचं नाव, कुणा जुन्या साहेबाने कधीतरी छापून ठेवला होता आणि मग तो काढायचा राहून गेला होता. गोल घरांच्या हजारो नोंदी नेस्टाच्या हातून गेल्या होत्या आणि प्रत्येकीत त्या रकान्यात तिने सवयीने एक आडवी टिंबांची रांग मारली होती. तिने बाटलीत टाक बुडवला आणि तिथे लिहिलं: ग्विऑन, वय दहा. नेस्टा, वय आठ. इथेल, त्यांचा बाप. काळाच्या रकान्यातले तीन हजार काढून तिने साल घातलं. मग त्या वहीच्या रीतीप्रमाणे नोंद रद्द करायची होती. रद्द नोंद खोडायची नसते, फाडायची तर नसतेच. तिच्यावरून लाल शाईची एकच तिरकी रेघ जाते, खालचं अक्षर वाचता येईल अशी, आणि कागद आपल्या क्रमांकाने वहीत राहतो. त्या रेघेला दोन सह्या लागतात. नेस्टाने पट्टी धरून रेघ मारली, सही केली आणि कागद स्टेफनकडे फिरवला. त्याने टाक हातात घेतला, पण लगेच सही केली नाही. रेघेखालची ती तीन नावं तो मोठ्याने वाचू लागला, सावकाश, एकेक अक्षर जपून, शिकलेल्या माणसाच्या त्या नव्या वेल्शमध्ये. आणि पहिलं नाव त्याने चुकीचं वाचलं. नेस्टाने त्याला ते बरोबर म्हणून दाखवलं. मग त्याने ते पुन्हा म्हटलं.